गिटारवाल्याशी उलटी फुगडी

लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर मला बायकोचा संशय आला. कारण एक बांगला रॉक बँड.

तरुणपणी कोलकात्यात आमचाही बँड होता. मी बेस वाजवायचो, केस खांद्यापर्यंत होते, आणि आमचं एकही गाणं आज कुणाला आठवत नाही. ज्यांची आठवतात, त्या बँडचा पहिला व्हिडिओ आम्ही टीव्हीवर डोळे फाडून बघायचो. एका गच्चीवर थेट वाजवून रेकॉर्ड केलेलं गाणं. नुसता धूर, आणि धुरात गरगर फिरणारं काहीतरी. मग गिटार सुरू व्हायच्या क्षणी ड्रमचा असा धडाका व्हायचा, की आमच्या ड्रमरने महिनाभर घासूनही तो जमला नाही.

परवा कुणीतरी तो व्हिडिओ साफ करून पुन्हा टाकला. रविवारी सकाळी बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये लुची, म्हणजे बंगाली मैद्याच्या पुऱ्या, खाता खाता मी तो लावला. धूर विरळ झाला आणि दिसली चक्क हिरवी नऊवारी! चापून कासोटा घातलेली पाठमोरी बाई गिटारवाल्याचे दोन्ही हात धरून फुगडी घालत होती. तीही उलटी, इतर बायका फिरतात त्याच्या विरुद्ध दिशेने.

आमच्या महाराष्ट्र मंडळात हल्ली उलटी फुगडी एकच बाई घालते. मंगळागौरीला म्हणूनच तिच्याशी कुणी जोडी लावत नाही. ती बाई समोर बसून मला लुची वाढत होती.

"लग्नाआधी तू कुठल्या गच्चीवर जायचीस?" मी सहज विचारल्याचं नाटक केलं.

"कपडे वाळत घालायला."

"गिटारवाल्याबरोबर?"

मी मोबाइल पुढे केला. तिने व्हिडिओ पाहिला, एकदम तोंडावर हात धरला, आणि स्वतःचा फोन घेऊन बाल्कनीत कुजबुजायला गेली. नाही म्हणाली नाही, हे मी टिपून ठेवलं. पुढचे तीन दिवस ती फरसबी निवडताना गुणगुणत होती. हेही टिपून ठेवलं.

हसू नका. या मुलीसाठी मी केस कापले होते. सासूबाईंची अटच होती: केस कापा, बँड सोडा, मग मुलगी मागा. मी दोन्ही केलं. आणि माझ्याआधी हिने माझ्याहून नामांकित गिटारवाल्याचे हात धरले असतील, तर मी कशासाठी काय दिलं? चौथ्या दिवशी मी जेवलो नाही. मग मात्र बायकोचं हसू गेलं.

"चला आईकडे," ती म्हणाली. "तिच्यासमोरच काय ते होऊ दे."

बेहालाला, तिच्या माहेरी, सासूबाईंनी चष्मा पुसून व्हिडिओ पाहिला. शाळेतून निवृत्त झालेली भूगोलाची बाई, नजर अजून पेपर तपासल्यासारखी.

"कासोटा छान बसलाय," त्या म्हणाल्या.

"कुणाचा, आई?" मी विचारलं.

"माझा."

मी बायकोकडे पाहिलं. "आई म्हणाली होती सांगू नकोस," ती पुटपुटली.

"तो गिटारवाला माझा विद्यार्थी," सासूबाई म्हणाल्या. "मिस, व्हिडिओत काहीतरी फिरणारं पाहिजे, म्हणाला. वर्गात मी पृथ्वी गरगर फिरूनच शिकवायचे. पश्चिमेकडून पूर्वेकडे. फुगडीही तशीच घालते, हिलाही तशीच शिकवली. बाकीच्या बायका पृथ्वीच्या उलट फिरतात, त्याला मी काय करू?"

"मग बँडवाल्यांवर इतका राग का? माझे केस कापायला लावलेत!"

"त्या मेल्याने मध्येच हात सोडले! म्हणे, मिस, माझी गिटार वाजवायची वेळ आली. मी भेलकांडत गेले ती थेट ड्रमवर!"

मी व्हिडिओ मागे नेला. हात सुटले, हिरवी नऊवारी धुरात दिसेनाशी झाली, आणि झाला तो धडाका. आमच्या ड्रमरला महिनाभर न जमलेला. जमणार कसा? त्याच्याकडे सासूबाई नव्हत्या!

मी पोट धरून हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, पदर खोचला आणि हातांची कात्री करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुमचं तीन दिवसांत काय झालं ते ऐकलंय मी, जावईबापू. लेकीवर संशय! उठा. बघू, तुम्ही कधी हात सोडता ते."

"आई, तुमचं वय..."

"उठा!"

मी हात दिले. बायकोने टीपॉय भिंतीला सरकवला आणि मोबाइल आमच्यावर रोखला.

"पश्चिम कुठे आली?" मी विचारलं.