उघड्या अंगाचा इंग्रज

लातूरच्या आमच्या बैठकीत वडिलांचा फोटो होता. कंधारच्या जत्रेत कुस्ती मारल्यावर काढलेला, लंगोटातला. मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून मी तो उतरवला आणि परत लावलाच नाही. पाहुणे निमित्त होते, लाज मलाच वाटत होती.

पुढे जुन्या बाजारात एका इंग्रज मुष्टियोद्ध्याचं कोरीव छापचित्र मिळालं. दोनशे वर्षांपूर्वी हातमोज्यांशिवाय लढणारा गडी, मुठी आवळून उभा. ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलं, आणि येईल त्याला धरून मी त्याची माहिती सांगायचो.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वडील कंधारहून आले. पट्टी निघाल्यावर त्या चित्रासमोर उभे राहिले. मी त्यांनाही सगळं प्राध्यापकी थाटात ऐकवलं. ऐकून घेऊन ते म्हणाले, "याच्या बी अंगात सदरा न्हाई की."

मग त्यांनी बैठकीच्या भिंतींवरून नजर फिरवली.

"माझा फोटो कुठं हाय?"

"चौकट मोडली होती. दुरुस्तीला दिलाय," मी बोलून गेलो.

त्यांनी चित्राच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तिथं त्यांनीच कधीकाळी आपला फोटो बसवताना ठोकलेला वाकडा खिळा होता.

"चांगली हाय की अजून," ते म्हणाले.