कोपऱ्यातल्या धवलारणी

तुळशीराम भोईर तसा गरीब स्वभावाचा माणूस. त्याला शिव्या द्या, त्याचा चहा पिऊन जा, चालेल. पण त्याच्या लेन्सला नाव ठेवलं की त्याचा पारा चढलाच म्हणून समजा. आणि गेले पंधरा दिवस त्याची स्वतःची लेक, उन्नती, रोज सकाळ-संध्याकाळ नेमकं तेच करत होती.

कोन गावात कल्याण रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा फोटो स्टुडिओ. उन्नती बी.कॉम. झाली आणि नोकरी शोधायची सोडून बापाच्याच धंद्यात उतरली. व्हिडिओ ती करते, फोटो तुळशीराम काढतो. कोनपासून खारबावपर्यंत कुठल्याही गावात हळद असली की मांडवात ही बापलेक दिसणारच.

"पप्पा, शनिवारपर्यंतच ऑफर आहे," उन्नती म्हणाली. "जुनी द्यायची, नवीन घ्यायची. तीच लेन्स, नवीन व्हर्जन. हलकी आहे, आणि कडेपर्यंत क्लिअर येतं."

"हिच्यात काय कमी हाय?"

"कोपरे बघा ना हिचे! दूध सांडल्यासारखे दिसतात."

"कोपऱ्यात बगतो कोन?" तुळशीराम म्हणाला आणि लेन्स फडक्याने पुसायला लागला. ती पुसायची काही गरज नव्हती.

आता एका लेन्सवर माणसाने इतका जीव का टाकावा? तर त्याचं असं होतं की ती नुसती लेन्स नव्हती. ते मोरीवरचं शेत होतं.

मोरीवरचं शेत म्हणजे भोईरांची खाडीकडची भाताची जमीन. गोदामवाल्यांनी सगळा पट्टाच घेतला तेव्हा तीही गेली. आता तिथे पत्र्याचं लांबलचक गोदाम आहे आणि दारात कंटेनर उभे असतात. जमिनीचे पैसे आले तेव्हा घराघरात नुसती धांदल उडाली होती. तुळशीरामच्या धाकट्या भावाने, काळूरामने, गाडी घेतली आणि मागच्या काचेवर स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून घेतलं की त्याला मागचं दिसेना. बाकीच्यांपैकी कोणी सोनं घेतलं, कोणी बंगला बांधला. तुळशीराम मात्र बोराबाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेला आणि ही लेन्स घेऊन आला. गावाने त्याला वेड्यात काढलं.

तुळशीरामच्या बापाने खोका उघडायला लावला. लेन्स हातात घेऊन भाताचं बियाणं जोखावं तशी जोखली. "आख्खं शेत यात मावलं?" एवढंच विचारलं. तुळशीरामच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग म्हाताऱ्याने कॅमेरा डोळ्याला लावला, अंगणभर फिरवला आणि चुलीपाशी बसलेल्या बायकोवर आणून थांबवला. बराच वेळ बघत राहिला. "तुजी आई बारीक दिसते यातून," तो म्हणाला आणि पोट धरून हसला. त्या दसऱ्याला घरात कोयत्याशेजारी ही लेन्स मांडली गेली. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने तिला झेंडूचं फूल वाहिलं. आता म्हातारा नाही, म्हातारी नाही, कोयत्याला कापायला भात नाही. गाडी तर काळूरामने केव्हाच बदलली. त्या शेतातलं तुळशीरामकडे राहिलं होतं ते एवढंच. ते आता दुकानदाराच्या हातात कसं द्यायचं?

आणि लेन्सने दिलं काय थोडं होतं? आपल्याकडची हळद रात्रीची. मांडवात हॅलोजन, माणसं पिवळीधमक, बेंजो सुरू आणि धुळीचा लोट. अशा वेळी जास्त उजेड आत यावा म्हणून लेन्स पूर्ण उघडून फोटो काढावा लागतो. तुळशीरामची लेन्स तशी उघडली की मधला नवरा असा उठून दिसायचा की बघत राहावं, आणि कडेने सगळं पिवळ्या उजेडात विरघळून जायचं. लोक म्हणायचे, तुळशीच्या फोटोला हळदीचा वास येतो. हे ऐकलं की तो महिनाभर खूश असायचा.

असं सगळं चाललेलं असताना गुरुवारी दुपारी जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला आणि खारबावची कमळाआजी वर आली.

कमळाआजी धवलारीण. भटजी मंत्र म्हणतो, पण मांडव खऱ्या अर्थाने लागतो तो धवलारणींच्या गाण्याने. जात्याला हळकुंड लागल्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. धवलारणी गातात जोडीने. एक ओळ धरते, दुसरी ती उचलते. कमळाआजीची जोडीदारीण होती नवशीबाय. दोघींनी मिळून या पट्ट्यातली किती लग्नं लावली याची गणती नाही. तुळशीरामचं स्वतःचंही त्यांनीच लावलं होतं. लॉकडाऊनमध्ये नवशीबाय तापाने गेली. चार माणसांनी तिला पोचवलं, आणि जन्मभर जी दुसऱ्यांसाठी गात आली तिच्यामागे रडायलाही कोणाला जमता आलं नाही.

"तुलशी, मना फोटू पायजे," कमळाआजी पाणी पिऊन म्हणाली. "नवशीचा. तिच्या नातीची, दीपालीची, हलद हाय. पोरगी रडते, म्हनते आजीचा फोटू मांडवात ठेवायचा. घरात एक फोटू न्हाय, मोबाइल धरला की ती तोंडावं पदर घ्यायची. आधार कार्डावरचा मोटा केला तर ती चोरासारकी दिसते."

"एवढंच ना आजी? एक काय, शंभर काढून देतो," तुळशीराम म्हणाला. "तुम्ही दोघी नसाल अशी माझ्याकडं एक हलद न्हाय."

ते खरंच होतं. म्हातारीला त्याने रिक्षात बसवून दिलं आणि जुन्या हार्ड डिस्क काढल्या.

नवशीबायचे गुडघे जाईपर्यंतच्या प्रत्येक हळदीत त्या होत्या. आणि प्रत्येक फोटोत कोपऱ्यात होत्या. तुळशीरामची फोटोची एक ठरलेली मांडणी होती. मधे नवरा, डावीकडे मामा, उजवीकडे सरपंच नाहीतर गोदामवाला पाहुणा, मागे करवल्या. धवलारणींची चटई मांडवाच्या कडेला, खांबापाशी. त्या फोटोत यायच्या त्या केवळ लेन्स रुंद, तिला तेवढं सगळं दिसायचं म्हणून. त्यातही कमळाआजी अलीकडे, तिचे नाकडोळे तरी कळत होते. नवशीबाय तिच्या पलीकडे, अगदी काठावर. हिरवं लुगडं, वर पिवळा डाग. कुठे तो डाग उभा ताणला गेला होता, कुठे आडवा. चेहरा म्हणावा असा एकही नाही.

दोघींचा वेगळा फोटो काढावा हे इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मांडवाला खांब असतो तशा त्या असायच्या. खांबाचा कोणी फोटो काढतं का? तुळशीराम खुर्चीत बसून राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली.

उन्नतीने कम्प्युटरवर खटपट केली. हल्ली एक बटण दाबलं की पुसट चेहरा लख्ख करून मिळतो. मिळालाही. गोरीपान, तरतरीत नाकाची बाई हसत होती.

"ही कोन आनलीस?" तुळशीराम म्हणाला.

उन्नतीने तो फोटो उडवून टाकला. त्या संध्याकाळी तिने ऑफरचा विषयही काढला नाही. पोरगी समजूतदार होती.

शुक्रवारी तुळशीरामने त्यातल्या त्यात बरा फोटो निवडला. काळूरामच्या हळदीतला. नवऱ्याला कापून नुसता कोपरा मोठा केला आणि खारबावला गेला. हात हलवत जाण्यापेक्षा एवढं तरी, असं स्वतःला समजावत.

कमळाआजी दीपालीच्याच घरी पापडांवर राखण करत बसली होती. तुळशीरामने खाली मान घालून फोटो पुढे केला. "आजी, एवढाच चांगला हाय. माफ कर."

म्हातारीने फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि तिचा चेहरा एकदम फुलला. "अगो बाय! ही मी, आन ही नवशी! बग कशी डोले मिटून गाते. असाच तिचा हात कानावं असायचा. कुकू बग घामानं नाकावं उतारलाय. मी सारकी सांगायची, नवशे पूस, पन गाताना ती पुसेल तर शपत!"

तुळशीराम बघत राहिला. त्याला दिसत होता तो नुसता पिवळा डाग. हात नाही, डोळे नाहीत, कुंकू तर नाहीच. पण म्हातारीला सगळं दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. आपली लेन्स अगदीच वाया गेलेली नाही, असं त्याला वाटून गेलं.

तेवढ्यात दीपाली चहा घेऊन आली. तिने ओढणीला हात पुसले आणि आजीच्या खांद्यावरून वाकून फोटो पाहिला.

"यातली माजी आजी कंची?"

"ही काय, ही. हिरव्या लुगड्यातली."

दीपालीने फोटोवर दोन बोटं टेकवली आणि मोबाइलवर करतात तशी ती फाकवली. कागदच तो. त्यातलं काय मोठं होणार? मग तीच ओशाळून हसली.

"न्हाय दिसत गो," ती म्हणाली.

"आंधली झालीस काय? दिसते की चांगली!" कमळाआजी चिडली. "हा बग हात, हे डोले…" बोलता बोलता ती थांबली. तिने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि हळूच मांडीवर पालथा ठेवला.

दीपालीला गाणारी आजी ठाऊकच नव्हती. ती हळदीला रात्र जागवण्याएवढी मोठी झाली तेव्हा नवशीबाय गुडघ्यांनी जागेला खिळली होती. ज्यांनी पाहिलं होतं त्यांना त्या डागात सगळं सापडत होतं, आणि जिने पाहिलं नव्हतं तिला काहीच नाही. तुळशीरामला एवढं लख्ख कळलं की हातातला चहा त्याला गोड लागेना. लोकांना आपल्या फोटोंना हळदीचा वास यायचा, कारण ती हळद त्यांच्याच अंगाला लागलेली होती. त्यांच्या नातवंडांना कुठला वास येणार?

परतताना त्याने उन्नतीला फोन लावला. "उद्या बोराबाजारात जाऊ," तो म्हणाला.

"पप्पा, नक्की? मागाहून रडत बसाल."

"रडीन. तुला काय त्याचं?"

दुकानात त्याने लेन्स स्वतःच्या हाताने काचेवर ठेवली. दुकानदाराने ती उलटीसुलटी करून पाहिली, रिंग फिरवली, "बहोत चली है" म्हणाला आणि मागच्या फळीवर इतर जुन्या लेन्सांच्या रांगेत लावून टाकली. तुळशीरामच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. दुकानदारासमोर रडायची लाज वाटून तो बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला आणि उन्नतीने आत सह्या केल्या. मोरीवरचं शेत दुसऱ्यांदा गेलं. या वेळी घरात कोणी धांदल केली नाही.

दीपालीच्या हळदीला मांडवात एका पाटावर तो डागाचाच फोटो हार घालून ठेवला होता. कमळाआजी खांबापाशी चटईवर बसून एकटीच गात होती. ओळ धरायची आणि तीच उचलायची, त्यामुळे मधेच तिचा दम तुटत होता. चटईवर शेजारी जागा मोकळी होती. तिथे कोणी पोर बसायला गेलं की ती हाताने त्याला बाजूला सारत होती.

तुळशीरामने मांडणी लावली. मधे दीपाली, डावीकडे मामा, मागे करवल्या. कमळाआजीने गाणं थांबवून विचारलं, "तुलशी, मधी सरकू काय? न्हायतर मी याची न्हाय त्यात."

"नको आजी. बसल्या जागी गा. येतेस तू."

त्याने बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला तसा त्याने आधी मधला भाग न बघता कोपरा मोठा केला. कमळाआजी होती. कपाळावरचं गोंदण, दातांची फट, गळ्याची ताणलेली शीर, कानातल्या बुगडीचा एक निखळलेला मोती. कडेपर्यंत सगळं स्वच्छ. आणि तिच्या पलीकडे, अगदी काठावर, रिकाम्या चटईच्या विणीचे धागेसुद्धा मोजून घ्यावेत असे.

तो चटईपाशी जाऊन बसला आणि कॅमेरा म्हातारीपुढे धरला. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"जल्ला मेला, एवडी म्हातारी झाले मी?" ती हसली. मग तिचं लक्ष शेजारच्या मोकळ्या जागेवर गेलं. तिचं बोट तिथेच थांबलं.

"असा यतो तुला काडाया," ती म्हणाली, "मंग नवशीचा का न्हाय काडलास?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. लेन्स जुनी होती, असं तुळशीरामच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते खरं नव्हतं. लेन्सने कुठे बघायचं हे त्याच्या हातात होतं. पलीकडून करवल्यांनी त्याला हाका मारायला सुरुवात केली, हळद लावायची वेळ झाली होती, आणि कमळाआजीने पुढचा धवला एकटीनेच धरला.