गुरुवारचं घर

घर घेताना कुणाला कळू देऊ नये, व्यवहार पक्का होईपर्यंत तोंडातून ब्र काढू नये, असं आमच्याकडे ज्याने कुणी पहिल्यांदा सांगितलं तो मला एकदा भेटायला हवा होता. समोर बसवून चार शब्द ऐकवले असते. सासूबाई म्हणायच्या, नजर लागते, कुणीतरी मध्येच काडी घालतं. मीही मान डोलावली. सातवी शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी बाई मी, पण घराचं नाव निघालं आणि माझीही अक्कल कुठे चरायला गेली कोण जाणे.

तेव्हा आम्ही खोपोलीत, कारखान्याच्या लायनीत राहत होतो. लायन म्हणजे एका पत्र्याखाली ओळीने बारा खोल्या. आमचे हे तिथे फिटर. आमची खोली शेवटची, बॉयलरच्या बाजूची. भिंतीला हात लावला तर कोमट लागायची आणि खिडकी उघडली की कोळशाची काजळी आत. माणसं चांगली होती, पाणी वेळेवर होतं, आणि मी तिथे आयुष्य काढलंही असतं. पण लेकीला दमा होता.

चार वर्षांची होती ती. एकुलती एक, लग्नानंतर सात वर्षांनी झालेली. श्वास घेताना तिच्या छातीतून शिट्टी वाजायची आणि गळ्याखाली खड्डा पडायचा. कर्जतच्या डॉक्टरांकडे महिन्यातून दोनदा तरी गाडीने न्यायची तिला. ते इंजेक्शन द्यायचे, पोर दोन दिवस बरी, मग पुन्हा तेच. शेवटी ते म्हणाले, औषध मी देईन हो, पण राहायची जागा बदला. मोकळ्या हवेत न्या. पोरगी शाळेत जायच्या आत हे करा, नाहीतर शाळेचं विसरा.

घर घ्यायचं ठरलं ते एवढ्यासाठी. हौस म्हणून नाही. माझ्या पाटल्या गेल्या, यांच्या फंडातून पैसे निघाले. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आता गुरुवारचं सांगते. त्या वर्षांत विजेची टंचाई होती म्हणून सरकारने कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून दिल्या होत्या. कुठे शुक्रवार, कुठे सोमवार. आमच्या भागाला गुरुवार आला. गुरुवारी सगळ्या गावातले भोंगे गप्प. बाजार गुरुवारी, लग्नाची बोलणी गुरुवारी, दाढी-कटिंग गुरुवारी. आमचा रविवारच तो. यांना दुसरी सवड नव्हती, आणि घर बघायला एकटी बाई जात नाही. मग घर बघायचं ते गुरुवारीच. विकणाराही दुसऱ्या कारखान्यात कामाला, त्याचीही सुट्टी तीच.

घर गावाच्या पार टोकाला होतं, ओढ्यापलीकडे. तिकडे ना दुकान, ना देऊळ, आमचं कधी जाणंच नव्हतं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे शेवग्याचं झाड, पलीकडे भातखाचरं. वर डोंगरावरून उतरलेले वीजघराचे नळ अगदी स्पष्ट दिसत होते, इतकी स्वच्छ हवा. बाजूला एक पत्र्याची मोठी शेड होती, दार बंद, कुलूप. आमच्या गावात दर वळणावर एक शेड. ही कसली, असं विचारायचंही कुणाला सुचलं नाही. मी लेकीला ओटीवर बसवलं आणि तिचा श्वास ऐकत राहिले. शिट्टी नव्हती. मला तिथेच रडू आलं.

तीनदा जाऊन बघितलं. तिन्ही वेळा गुरुवार. खालापूरला कागद केले. ज्याने स्वतःचं घर घेतलं त्याने महिन्याच्या आत लायनीतली खोली सोडायची, असा कारखान्याचा नियम होता. खोलीची वाट बघणारे पन्नास जण होते, आमची किल्ली टेबलावर पडायच्या आत उचलली गेली. बिऱ्हाड हलवलं तेही गुरुवारी. लायनीतल्या बायकांना मी त्याच सकाळी सांगितलं, पेढा हातावर ठेवून. समोरची म्हणाली, "अगं बाई, ओढ्यापलीकडे? त्या शिरगोळ्याच्या गिरणीपाशी? आधी बोलली का नाहीस?" मला वाटलं, जळते.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला शेडचं दार उघडलं. आधी जमीन थरथरली, फळीवरचे डबे वाजायला लागले. मग पांढरी पूड यायला लागली. शिरगोळा म्हणजे मऊ पांढरा दगड, त्याचं पीठ दळायची ती गिरणी. पूड तुळशीवर, पाण्याच्या हंड्यावर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, ताटातल्या भातावर. दुपारी लेकीची वेणी घालायला बसले तर भांगात पूड. मी फणी खाली ठेवली आणि यांची वाट बघत बसले. हे आले, ओट्यावर पांढऱ्यात आपल्या चपलांचे ठसे उमटलेले बघितले आणि बाहेरच उभे राहिले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, ते असं असतं. लायनीत निदान खिडकी लावून घेता येत होती. इथे कौलांच्या फटीतून यायचं. जुन्या साड्या फाडून मी फटी बुजवल्या, ओलं धोतर खिडकीला बांधलं, लेकीला आतल्या खोलीत कोंडलं. चौथ्या दिवशी तिचा श्वास अडकला.

आम्ही काही केलं नाही असं नाही. हे गिरणीच्या मालकाकडे गेले. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, पाणी मारत जाऊ म्हणाला. अर्ज दिले, पोच घेतली. मग एक दिवस आसपासच्या घरातली चार माणसं ओट्यावर येऊन बसली. सगळी त्याच गिरणीत कामाला, भुवयांवर सुद्धा पूड. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, भाऊ, गिरणी बंद पडली तर आम्ही खायचं काय? मी तेव्हा त्यांनाही शिव्या घातल्या, मनातल्या मनात.

सगळा राग त्या विकणाऱ्याच्या बायकोवर होता. तिने मला चहा दिला होता, माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला होता, आणि जिभेला लकवा झाल्यासारखी गप्प राहिली होती. कर्जतच्या अलीकडे तिचं नवं बिऱ्हाड होतं. पत्ता काढला आणि एका सकाळी गाडीत बसून गेले. काय काय बोलायचं ते वाटभर घोकलं. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं. मी पाच मिनिटं तोंडाला येईल ते बोलले, तळतळाट लागेल म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी इचारलं नाय, मी बोलले नाय," ती म्हणाली. "आमाला पन गुरुवारीच दावलं होतं, बाय. माजी सासू त्याच घरात खोकून खोकून गेली. मला दोन पोरं हायत."

तिने आतून पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि परत आले. गाडीत एकही शिवी आठवेना.

त्याच महिन्यात एका दुपारी लेकीची नखं निळी पडली. हे ड्युटीवर. मी तिला खांद्यावर टाकून ओढा ओलांडला आणि रस्त्यात मधोमध उभी राहिले. विटांचा टेंपो थांबला. कर्जतपर्यंत ती माझ्या मांडीवर तोंड उघडं टाकून होती, आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी तिला वाचवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, त्याच घरात न्यायची असेल तर पुढच्या वेळी माझ्याकडे आणू नका.

तिला माझ्या भावाकडे ठेवली, भिवपुरीच्या बाजूला. दीड महिन्यात पोरगी धावायला लागली. पण भावाच्या घरात आधीच नऊ माणसं, वहिनी तोंडाने काही म्हणत नव्हती एवढंच. पोरही रोज दारात बसून आईची वाट बघायची. दुसरीकडे खोली भाड्याने घ्यावी तर अनामत कुठून आणायची? सगळं त्या दोन खोल्यांत गाडलेलं. ते घर विकल्याशिवाय सुटका नव्हती. आणि आता गावात कुणी घेईना, कारण आमच्यामुळेच गावभर बोभाटा झाला होता. राहिली ती नवीन आलेली माणसं, कारखान्यात नुकती लागलेली, ज्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

असा एक जण यांनाच भेटला, त्यांच्याच खात्यातला. घाटावरचा, लग्नाला वर्ष झालेलं. घर बघायला कधी येऊ, विचारत होता. हे घरी येऊन म्हणाले, मी त्याला गिरणीचं सांगून टाकणार आहे.

"सांगा खुशाल," मी म्हणाले. "आणि मग लेकीच्या छातीवर हात ठेवून बसा तुम्ही. मी नाही बसणार."

ते जेवले नाहीत. पण सांगितलंही नाही. गुरुवारी ये म्हणाले त्याला.

लेक दोन दिवसांपूर्वीच परत आली होती, वहिनीच्या घरी पाहुणे आले म्हणून. बुधवारी संध्याकाळी गिरणी थांबली तशी मी पदर खोचला. ओटा धुतला, दारं-खिडक्या पुसल्या, तुळशीचं पान न् पान पुसलं. शेवग्याच्या हाताला येतील त्या फांद्यांवर तांब्याने पाणी मारलं. शिडी लावून हे कौलांवर पाणी ओतत होते. सकाळी लेकीला शेजारी नेऊन बसवलं. शेजारीण गिरणीतलीच, तिला सगळं समजत होतं. लेकीला म्हणाले, पाहुणे येतील, ते जाईपर्यंत खोकायचं नाही हं. शहाणी ना माझी?

ती दोघं दहाला आली. बाई विशीतली, पाचवा महिना असेल, चालताना कमरेवर हात. गाव बघून हरखली होती. ओटीवर बसली, डोंगराकडे बघितलं, म्हणाली, भाड्याच्या खोलीत जीव घुसमटतो हो. बाळंतपणाला माहेरी जाणार, मग बाळाला घेऊन थेट इथेच यायचं असं तिने ठरवूनही टाकलं. तिचा नवरा भिंती ठोकून बघत होता. आमचे हे त्याच्या मागे मागे, मान खाली घालून.

तिने मला विचारलं, "काकू, हवा कशी आहे इथली?"

"बघताय ना," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही. तेवढंच बोलले. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आहे, आणि एकदाही ते मला पटलेलं नाही.

इसार दिला-घेतला. पोटुशी सवाशीण पहिल्यांदा घरात आलेली, तिला तशीच कशी पाठवायची? खण नव्हता, पण नारळ होता. ओंजळभर तांदूळ आणि नारळ घेऊन मी तिची ओटी भरायला बसले. तिने पदर पसरला. माझ्या ओंजळीतले अर्धे तांदूळ खालीच सांडले. तिला वाटलं, घर सोडायचं म्हणून मला भरून आलंय. तीच माझी समजूत घालायला लागली, काकू, येत जा हो अधूनमधून. मग वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सुखाने नांदा.

ती दोघं ओढ्यापलीकडे दिसेनाशी झाली तशी मी शेजारी गेले. शेजारणीने मानेनेच आतल्या कोपऱ्याकडे दाखवलं. लेक भिंतीला टेकून बसली होती. फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबलेला, चेहरा लालभडक, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मला बघून तिने फ्रॉक तोंडातून काढला.

"आई, गेले का ते? आता खोकू?"