शिवणीत गेलेली सावली

सांगली जिल्ह्यात आज सरळ म्हणावं असं जे काही शिल्लक आहे, ते सगळं माझ्या आत्यानं शिवलेलं आहे. रस्ते सरळ नाहीत, कालवे सरळ नाहीत, कालव्याची आश्वासनं देणारी माणसं तर नाहीतच नाहीत. हे मी पत्रकांतून इतक्यांदा लिहिलंय, की विश्रामबागेतला आमचा छापखानेवाला माझा मजकूर आता न वाचताच छापतो. पण मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीमागं एका पत्र्याच्या खोलीत माझी आत्या पायमशिनवर गवसण्या शिवते. तंबोऱ्याला घालायच्या त्या लांब, जाड, आत कापूस भरलेल्या पिशव्या. तिच्या टिपेला पट्टी लावून बघा. नको, लावू नकाच. एका गिऱ्हाइकानं लावली होती, त्याला तिनं पुन्हा कधी चहा विचारला नाही.

तिच्या मशिनच्या पाट्यावर, सुईच्या उजव्या अंगाला, स्क्रूनं आवळलेली एक लोखंडी पट्टी आहे. बाजारात तिला गाइड म्हणतात, आत्या तिला सासू म्हणते. ‘ती काय करत न्हाई बघ. नुसती शेजारी हुबी ऱ्हाती. पण वाकडं पाऊल टाकू देत न्हाई.’ कापडाची कड सासूला टेकवायची, नजर सुईवर न ठेवता सासूवर ठेवायची आणि पाय एका लयीत चालवायचा. जिथं थरावर थर चढतात तिथं ती आधी लाकडी हातोडीनं जाडी ठेचते, वर साबणाची वडी फिरवते आणि पाय थांबवून, हातानं चाक फिरवत एकेक टाका पलीकडं नेते, आजारी माणसाला हात धरून ओढा ओलांडून न्यावं तसा. एवढं करून टीप जरा ढळली, तर ओठ आवळून सगळी उसवते. अशा वेळी खोलीत कुणी बोलायचं नसतं. पंखासुद्धा बंद असतो.

हे मशिनपुरतं राहिलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण ती एसटीत पुढच्या माणसाच्या पाठीवरची शिवण बोटानं तपासते. लग्नात अक्षता टाकायला गेली, तर नवऱ्यामुलाच्या कोटाची बाही उलटी करून अस्तर बघते. दारातल्या चपला भिंतीला समांतर नसतील तर पाहुण्याला परत बाहेर पाठवते. मला बघायला एक इंजिनिअर मुलगा आला होता. पोह्यांची बशी त्याच्या हातात देता देता तिनं त्याच्या बॅगेची चेन बघितली आणि आत येऊन आईला म्हणाली, ‘वयनी, ह्यो नको. असली वाकडी चेन ज्यानं वरीसभर खांद्याला लावली, त्याला फुडं कशाचं काय वाटणार हाय?’ त्या एका टिपेबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. माझी पत्रकं मात्र तिनं कधी पुरती वाचली नाहीत. हातात घेते, दुमडते, टोकं जुळवते आणि परत देते. ‘मजकूर बरा हाय. कड वाकडी कापलीया.’

गेल्या उन्हाळ्यात जतच्या पूर्वेकडच्या एका वस्तीचा टँकर बंद झाला. मेंढरं राखणारी घरं, जोंधळा पावसावर, विहिरीत धोंडे. बायकांनी ठरवलं, तालुक्याच्या कचेरीसमोर बसायचं, टँकर सुरू होईपर्यंत उठायचं नाही. आमची संघटना सोबत होती. कचेरीच्या व्हरांड्यात बसायला बंदी, झाडाखाली साहेबांची गाडी. मंडपवाल्यानं होकार दिला आणि मग फोन बंद करून ठेवला. कुणी बंद करायला लावला हे सांगायला पत्रक काढायची गरज नाही. मी आत्याकडं गेले. तिच्याकडं ट्रकवरच्या जुन्या ताडपत्रीच्या अरुंद पट्ट्यांचा ढीग होता. म्हटलं, जोडून दे, डोक्यावर धरता आलं की झालं.

‘धरता आलं की झालं’ हे शब्द तिच्यासमोर उच्चारायचे नसतात. बायका तिकडं उन्हात बसल्या आणि आत्या इकडं पट्ट्यांच्या कडा ठेचत बसली. मी दारात येरझारा घालत होते. ‘आत्या, सावली पाहिजे गं, गवसणी नको.’ तिनं मान वर केली नाही. ‘जतचं वारं बघितलंयस? वाकड्या टिपंवर वढ एकाच जागी बसती, मग फाटतंय टराटरा. सरळ टीप असली की समद्या टाक्यांवर सारखी बसती.’ मी म्हटलं, ‘समाजाचंही असंच असतं.’ ती म्हणाली, ‘ते तुझ्या कागदात लिव्ह. हितं कापड धर.’

कापड मिळालं. जतला नेऊन बांधलं, आणि ते कमी पडलं.

मापात चूक नव्हती. चूक सासूची होती. आत्यानं गाइड लावला होता तो गवसणीच्या सवयीनं, सुईपासून चांगला लांब. प्रत्येक जोड दुहेरी दुमडून, दुहेरी टीप मारून घेतलेला. हत्ती टांगला तरी उसवणार नाही अशी शिवण. आणि अशा प्रत्येक शिवणीनं दोन्ही पट्ट्यांतलं कापड खाल्लेलं. पट्ट्या अरुंद, म्हणून जोड भरपूर. शेवटच्या कडेला एक माणूस उन्हात राहत होतं. तिथं वस्तीतली वयानं सगळ्यांत थोर म्हातारी जाऊन बसली आणि काही केल्या उठेना. ‘आमास्नी उन्हाचं काय ग? आमी उन्हातच पिकलोय.’ दुपारी तिला भोवळ आली. मी आत्याला फोन केला आणि मंचावरून बोलते तशा आवाजात सगळं सुनावलं. तिनं एवढंच विचारलं, ‘किती कमी पडलं?’

म्हटलं, ‘एक माणूस.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिरज–जत गाडीनं ती उतरली. जन्मात कुठल्या मोर्चाला न आलेली बाई. आली ती नेमकी त्या उन्हाच्या पट्टीत गेली आणि म्हातारीला म्हणाली, ‘उठा मावशी, ही जागा माझी हाय.’

‘तू कोण ग बाई?’

‘हे शिवलंय ती.’

‘मग आत बस की सावलीत.’

‘आतली जागा शिवणीत गेली. तुमी सरका.’

म्हातारी सरकली. बायकांनी पदर तोंडाला लावले, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसत होतं. त्यानंतर आत्या सावलीबाहेर आणि तिची टीका सावलीत, असं धरणं सुरू झालं: आत्या उन्हात बसून एकेकीच्या झंपराची शिवण बघायची, आणि कचेरीतला शिपाई ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ सांगायला आला की त्याच्या सदऱ्याचं बटण कुठं चुकलंय ते सांगायची. एका दुपारी वावटळ आली. समोरचा पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चिंध्या होऊन तारेला लटकला. आमचं कापड फुगलं, ताणलं, एक टाका हलला नाही. मी घोषणा द्यायला उठले, तर ती म्हणाली, ‘बस खाली. कापडाला बरं वाटावं म्हणून वरडायची गरज न्हाई.’ तिचं नाक तोवर सोलून निघालं होतं. छत्री दिली तर घेतली नाही.

शेवटी साहेब आले. सोमवारपासून टँकर, म्हणाले. आम्ही उठलो, फोटो काढले, मी विजयाचं पत्रक लिहिलं. टँकर आला खरा. मग एक दिवसाआड आला, मग आठवड्यानं, मग यायचा थांबला. विचारायला गेलो तर नवे साहेब. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. म्हातारीला तिचा मुलगा पाण्याच्या मुलखात घेऊन गेला. माझ्याकडं संतापाचे शब्द पुष्कळ आहेत. ते सगळे मी वापरून बघितलेत. एकानंही घागर भरली नाही.

परवा मिरजेला गेले. धरणं उठल्यावर ताडपत्रीची घडी मी आत्याच्या खोलीत टाकून आले होते, ती परत घेऊन कुठंतरी देऊन टाकावी म्हणून. तर ताडपत्री मशिनवर होती, अख्खी खोली भरून. तिच्या कडेला आत्या गवसणीचं लाल जाड कापड जोडत होती. गाइड तिथंच होता, सुईपासून तेवढाच लांब.

‘आता कशाला, आत्या? संपलं ते.’

तिनं हातोडी मारली, साबण फिरवला, पाय थांबवून हातानं चाक धरलं. सोललेल्या नाकावर डाग राहिलाय. सासूवरची नजर न काढता म्हणाली, ‘फुडल्या उन्हाळ्यात म्हातारी आली तर कुठं बसंल?’

पत्रकात मी दर वेळी ‘ही शेवटची लढाई’ असं लिहिते. त्या खोलीत मला ते वाक्य तोंडातून काढता आलं नाही. कापड खाली घासू नये म्हणून मी त्याचं दुसरं टोक उचलून धरलं. लाल पट्टी एकेका टाक्यानं पुढं सरकत होती, बरोबर एक माणूस मावेल एवढी रुंद. आत्याचं माप कधी चुकत नाही, हे मला ठाऊक आहे. आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, हे एक चुकू दे, ती जागा रिकामीच राहू दे.