सुमनचं हितगूज

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मी शेजारच्या सुमनचं गुपित तिच्याच नणंदेला सांगितलं. एवढी शहाणी सून कोपरीच्या चाळीत दुसरी नव्हती!

काल नात पापड भाजता भाजता म्हणाली, "आजी, हितगूज म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "गूज आलं गुह्यावरून. झाकून ठेवायचं ते. आणि सांगायचं त्यालाच, ज्याला आपलं हित हवं." घरभर हिंगाचा वास कोंडला होता आणि मी केव्हाच चाळीत पोचलेली.

आम्ही बायका मिळून पापड लाटत होतो. सुमन माझ्या कानाशी लागली, "फार मारतो गं नवरा. उद्या तो कामावर गेला की पोरीला घेऊन आंबिवलीला आईकडे निघते." मला वाटलं, नणंद झाली तरी बाईच, पोरीला सांभाळून सोबत जाईल.

दुसऱ्या दिवशी सुमनच्या दाराला बाहेरून कुलूप. मी खिडकीशी गेले. आतल्या अंधारातून सुजलेल्या ओठांनी ती पुटपुटली, "कुणाला सांगितलंस ते नाही विचारत. पण इथे उभी राहू नकोस. तो कामावर गेलेला नाही, जिन्यात बसलाय."