पाळण्याजवळची डबी

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाय. बायकोला न्हाय, लेकीला न्हाय, देवापुढं बसूनसुद्धा न्हाय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या घरातले न्हाय.

तिसरी शिकलेला माणूस मी. गडमुडशिंगीत आमच्या गोठ्यात आठ म्हशी होत्या, आणि मला कळत न्हाय असं मी उभ्या जन्मात कुणापुढं म्हटलं नव्हतं. म्हणूनच — पण थांबा, आधी डबीचं सांगतो.

पाच हिवाळ्यांमागं आमची सुरेखा बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी आठव्या महिन्यातच झाली. मुठीएवढं डोकं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, खोली उबदार ठेवा, हिला गारठा सोसणार न्हाय. जावई कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात वायरमन. त्यानं हीटर आणला आणि त्याच्याबरोबर एक पांढरी डबी. डबीला वायर न्हाय. ती पाळण्याजवळ खिळ्याला टांगायची. तिथली हवा गार झाली की ती लांबनंच हीटर चालू करती, ऊब भरली की बंद करती. आत दोन सेल, वर काचेत आकडा.

“मामा, एवढंच ध्यानात ठेवा,” जावई म्हणाला. “डबी हितनं हलवायची न्हाय. ती जिथं असंल तिथलीच ऊब मोजती.”

“कळलं की,” मी म्हटलं.

कळलं होतं का? खरं सांगू? असली वस्तू गावात दुसऱ्या कुणाकडं न्हाय, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या दिवशी सकाळी बायकोनं बाळाला न्हाऊ घातलं, शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली. खोलीत धूर कोंडला म्हणून तिनं खिडकी बोटभर उघडली आणि बाळाला पाळण्यात निजवलं. सुरेखाचाही डोळा लागला. बायको धुणं घेऊन मागं गेली. बाहेर कट्ट्यावर माझा जुना दोस्त बापू उन्हाला बसलेला. जावयानं काय यंत्र बसवलंय म्हणं, दाखव की, म्हणाला. आणि मी — आत गेलो, डबी खिळ्यावरनं काढली, बाहेर आणली.

“वायर कुठं हाय रं हिची?”

“वायर न्हाय तेच तर. तुझ्या टीव्हीच्या रिमोटची ही आजी हाय.”

हसलो आम्ही. डबी कट्ट्यावर उन्हात ठेवली. आकडा तिसावर गेला, चौतिसावर गेला, तसतसा मी फुगत गेलो. मग म्हशींच्या गोष्टी निघाल्या. बापू उठून गेला तरी मी ऊन खात बसलोच. डबीला वाटत होतं खोली तापली. आत हीटर बंद.

बायकोची हाक आली तेव्हा बाळाचे ओठ निळे पडले होते. मी धावलो — पण कुठं? आधी डबी उचलली. आधी ती खिळ्याला लावली. मग नातीकडं बघितलं.

नऊ दिवस पोर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. वाचली. पण मी हे वाचली म्हणून सांगत न्हाय.

तिला दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी जावयानं घरी येऊन डबी तपासली. मशीन चांगलं हाय, म्हणाला. मग खोली गार पडली कशी?  तेवढ्यात बायको आपणहून बोलली, “खिडकी मीच उघडल्याली.”

जावयाबरोबर आलेल्या विहीणबाई फटकन म्हणाल्या, “तीन पोरं वाढवलीसा म्हणं. एक खिडकी लावायचं कळलं न्हाय?”

बायकोनं मान खाली घातली. मी गप्प बसलो असतो तरी एकवेळ — पण मी गप्प बसलो न्हाय. चार माणसांत म्हटलं, “हिला अक्कलच न्हाय.”

ती अजून धरून चाललीय की तिनंच केलं.

जाता जाता जावई सहज बोलून गेला होता, असल्या डबीत तासातासाचा आकडा साठून राहतो. त्या दिवसापासनं मला भ्या हाय. डबीला मी कुणाला हात लावू देत न्हाय. थंडीआधी नवे सेल मीच घालतो, उन्हाळ्यात गळू नयेत म्हणून मीच काढून ठेवतो, मऊ फडक्यानं धूळ पुसतो. लोक म्हणतात, आजोबाला नातीची किती काळजी. सेल काढल्यावर तिच्यातला त्या दिवसाचा आकडा पुसला जातो का? हे विचारायचं कुणाला? कशाला विचारताय म्हटलं, तर काय सांगू? जावई डबी हातात घेऊन बटणं दाबायला लागला की माझ्या पाठीवरनं घाम उतरतो. नातवंडाला काय होईल याचं भ्या नव्हे ते. माझं काय होईल, याचं.

गेल्या महिन्यात सुरेखाला मुलगा झाला. पुऱ्या दिवसांचा, धडधाकट. ती त्याला आजीच्या मांडीवर द्यायला गेली, तर बायको उंबऱ्याबाहेरच उभी. दोन्ही हात पदराखाली.

“नको गं, माझ्याकडं नको. मी हितनंच बघीन.”

“आबा, तुम्ही तरी सांगा की तिला,” सुरेखा म्हणाली.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी काय बोलतो याची ती वाट बघत होती, आणि तिला सांगायचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी चपला घातल्या आणि गोठ्याकडं गेलो.

बाळ आज महिन्याचं झालं. तिनं अजून त्याला घेतलेलं न्हाय.