डिस्पोजलचे चार अर्थ

कचेरीत कागद साठतात तसे किस्सेही साठतात. जुने कागद जाळायची सरकारी परवानगी मिळते, किश्शांना ती मिळत नाही. माझ्याकडे साठलेले बहुतेक किस्से माझ्या मूर्खपणाचेच आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे एकाच इंग्रजी शब्दापायी घडले.

रेवस बंदरावरच्या एका लहानशा सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा आमच्या गावातला मी एकटा मॅट्रिक. इंग्रजी आपल्याला येतं, याबद्दल मला शंका नव्हती. इतरांना होती, पण त्यांना विचारतो कोण?

पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्क नानांनी टेबलावर कागदांचा एक गठ्ठा ठेवला आणि ते जेवायला गेले. वर साहेबाचा शेरा होता, 'फॉर डिस्पोजल'. डिस्पोज म्हणजे टाकून देणे, हे मी शाळेत पाठ केलेलं. मी गठ्ठा उचलला आणि धक्क्यावरून खाडीत टाकला.

भरतीची वेळ होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. नाना जेवून परतले तेव्हा मुंबईची बोट लागत होती, आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर उतारूंच्या पायाशी सरकारी कागद येऊन लागत होते.

नानांनी आवाज चढवला नाही. "डिस्पोजल म्हणजे निकाल द्यायचा," ते म्हणाले. "तू निकाल लावलास."

*

त्या कागदांत धर्मा पाटलांचा अर्ज होता. खाडीच्या बांधाला खांड पडून खारं पाणी त्यांच्या भातशेतीत शिरलं होतं, पावसाच्या आधी बांध दुरुस्त व्हावा म्हणून म्हातारा तीन वेळा चालत आला होता. अर्जावरची शाई पार धुऊन गेली होती. नानांनी मला सांगितलं, तूच जा आणि त्यांना तोंडानं सांग.

चार कोस चालत गेलो. वाटेत काय काय सबबी जुळवल्या होत्या, पण म्हातारा समोर आला आणि एकही आठवली नाही. खरं तेच सांगितलं आणि धुतलेला अर्ज पुढे केला. त्यानं तो कोरा कागद उलटसुलट करून पाहिला.

"पानी माजे शेतान शिरला," तो म्हणाला, "आता अर्जान पन शिरला."

त्याच्या ओटीवर बसून मी अर्ज नव्यानं लिहिला, आणि बांधावर मातीची पहिली टोपली पडेपर्यंत दर आठवड्याला साहेबाच्या टेबलावर तो वर आणून ठेवत राहिलो. बांध पावसाआधी झाला. माझ्या नोकरीतलं हे एकच काम मी छाती काढून सांगू शकतो, आणि तेही माझीच घाण निस्तरण्याचं.

*

पुढे नानांनी सांगितलं, की जप्त मालाच्या बाबतीत डिस्पोजल म्हणजे लिलाव. मी तेही पाठ केलं.

एकदा नाना रजेवर होते. मला काशीदला तपासणीला जायचं होतं. साहेब तेव्हा मांडव्याच्या बंगल्यावर मुक्कामाला होता. त्याची चिठ्ठी आली, 'माय बोट इज अॅट युवर डिस्पोजल'.

साहेबाला बोट विकायची असेल, असं मला वाटलं. मी दवंडी पिटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव्याच्या किनाऱ्यावर बरीच माणसं जमली. बोली चढत चढत लखमा तांडेलावर येऊन थांबली, आणि त्यानं लगेच बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, नारळ फोडला.

तेवढ्यात साहेब समुद्रस्नानाला टॉवेल घेऊन खाली आला. मी पुढे होऊन त्याला सगळं सांगितलं. त्यानं बोली कुठवर गेली ते विचारलं. मी आकडा सांगितला.

"मी घेतली त्याहून जास्त आली," तो म्हणाला. "पण मला घरी जायचंय."

साहेब हसून मोकळा झाला; चिठ्ठीचा खरा अर्थ त्यानं सांगितला नाही आणि लाजेनं मीही कुणाला विचारला नाही. लखमा मात्र वर्षभर मला बंदरावर गाठून फोडलेला नारळ परत मागत होता. बंदरावरचे हॉटेलवाले हसनमियाँ तर सकाळची उरलेली भजी माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, "भाऊसाहेब, याचं डिस्पोजल करा." मी करत असे.

*

लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्या नावानं हुकूम आला. तुमची नोकरी पेणच्या मीठ खात्याच्या साहेबाच्या डिस्पोजलला ठेवली आहे. पेणला मी पुढे सुखानं अठरा वर्षं काढली, हे आता सांगतो. त्या दिवशी ते ठाऊक नव्हतं, आणि नाना तर पेन्शन घेऊन मुंबईला गेलेले.

मला तोवर या शब्दाचे तीन अर्थ येत होते. टाकून देणे, निकाल लावणे आणि लिलाव. माणसाच्या बाबतीत त्यातला एकही बरा नव्हता.

दुपारीच घरी आलो. आमची ही मागच्या दारी बोंबील निवडत होती. ती काशीदची, मराठीसुद्धा लिहायला-वाचायला न शिकलेली. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं, की सरकारनं मला टाकून दिलं. वडिलांना काय तोंड दाखवू, हेच डोक्यात होतं.

ती घाबरेल असं वाटलं होतं. तिनं हात धुतले आणि कागदावर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द सांगायला लावलं. मी सांगितलं. पेणच्या साहेबाचं नाव तिनं पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"फेकायच्या वस्तूवर घेणाऱ्याचं नाव कोण लिहितं?" ती म्हणाली. "पेणला घर बघा. आणि विहीर जवळ असलेलं बघा."